अणुऊर्जा प्रकल्पाजवळून नैसर्गिक वायूची पाइपलाइन जात असेल तर अणुभट्टीचा स्फोट होऊ शकतो का? प्रकल्प बंद झाला की धोका संपतो का?

पाइप फुटला म्हणून अणुभट्टी फुटणार नाही. पण म्हणून धोका नाही, असंही नाही. या वादात दोन्ही बाजू हीच गल्लत आपापल्या सोयीने करतात.

मी गॅस पाइपलाइनच्या कंट्रोल रूममध्ये शिफ्ट केल्या आहेत, म्हणून आधी पाइपच्या बाजूने सांगतो. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हवेपेक्षा बराच हलका, सुटला की वर जातो, आणि हवेत त्याचं प्रमाण साधारण 5 ते 15 टक्के असेल तरच पेटतो. त्यामुळे मोकळ्या जागेत त्याचा बॉम्बसारखा स्फोट सहसा होत नाही. पाइप फाटला की पहिला दणका दाबाचा: माती उडते, खड्डा पडतो, पाइपचा तुकडा भिरकावला जातो. मग आग लागते, आणि खरं नुकसान ती करते. कॅलिफोर्नियात सॅन ब्रुनो इथे 9 सप्टेंबर 2010 ला 30 इंची पाइप फाटला, तेव्हा तेराशे किलोंहून जड तुकडा सुमारे 100 फुटांवर जाऊन पडला. 8 माणसं गेली, 38 घरं बेचिराख झाली. गॅसचा प्रवाह थांबवायला 95 मिनिटं लागली. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा.

आता प्रकल्पाची बाजू. अणुभट्टीवरची कंटेनमेंट इमारत, म्हणजे किरणोत्सार बाहेर पडू न देणारं कवच, प्रबलित काँक्रीटची, बहुतेक ठिकाणी मीटरभर किंवा त्याहून जाड असते. काहीशे मीटरवरच्या आगीचं तिला फारसं काही वाटत नाही. अडचण अशी की भट्टी बंद केली तरी लगेच थंड होत नाही. 3000 मेगावॉट औष्णिक क्षमतेची भट्टी बंद केल्याक्षणी त्यातली 6-7 टक्के, म्हणजे जवळपास 200 मेगावॉट उष्णता निघतच असते. तासाभराने ती दीड टक्क्याच्या आसपास येते, तरी तेही 40-45 मेगावॉट झाले. ती काढून घ्यायला पाणी फिरत राहावं लागतं, आणि पाणी फिरवायला बहुतेक प्रकल्पांत वीज लागते. फुकुशिमात 2011 साली भूकंप होताच चालू भट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद झाल्या होत्या. घात झाला तो बाहेरची वीज गेली आणि त्सुनामीत डिझेल जनरेटर बुडाले म्हणून.

म्हणून पाइपलाइन भट्टीपासून किती लांब आहे, याला माझ्या लेखी दुय्यम महत्त्व. स्विचयार्डपासून, म्हणजे प्रकल्पात वीज जिथून येते-जाते त्या उघड्या आवारापासून, किती लांब आहे ते बघा. ट्रान्सफॉर्मर, त्यातलं तेल, डिझेलच्या टाक्या, पंप हाउस, यातलं बरंचसं मीटरभर काँक्रीटच्या आड नसतं. डिझेल इंजिनाने हवेबरोबर गॅस ओढला तर ते बेलगाम पळू शकतं. कंट्रोल रूमची हवा कुठून घेतात, आग लागल्यावर बंब आणि माणसं कुठल्या रस्त्याने आत येणार, हेही याच हिशेबात येतं.

पाइप फुटल्यावर किती अंतरापर्यंत मोठं नुकसान होऊ शकतं ते काढायला अमेरिकेत एक सोपं सूत्र वापरतात: पीएसआयमधल्या (दर चौरस इंचाला पौंड) दाबाचं वर्गमूळ गुणिले इंचातला व्यास गुणिले 0.69, उत्तर फुटांत. 42 इंची पाइप, 850 पीएसआय दाब धरला तर सुमारे 845 फूट येतात, म्हणजे 260 मीटरच्या आत. ऐकायला बरं वाटतं. पण सॅन ब्रुनोच्या पाइपला हेच सूत्र लावलं तर 410 फुटांच्या आसपास उत्तर येतं, आणि तिथे आगीचं नुकसान सुमारे 600 फुटांपर्यंत पोचलं होतं.

या सगळ्या वादाचं जिवंत उदाहरण म्हणजे न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला हडसन नदीकाठी असलेला इंडियन पॉइंट प्रकल्प. त्याच्या जमिनीतून जुन्या गॅस लाइन आधीपासून जात होत्याच, त्यात 2015 साली नव्या 42 इंची लाइनला मंजुरी मिळाली. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने ती सुरक्षित ठरवताना एक गोष्ट गृहीत धरली: पाइप फुटल्यावर 3 मिनिटांत व्हॉल्व्ह बंद होतील.

तीन मिनिटं! कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाला विचारा. स्क्रीनवर एका ठिकाणचं प्रेशर धाडकन पडतं. पहिली शंका ट्रान्समीटरवरच, म्हणजे दाब मोजून आकडा पाठवणाऱ्या यंत्रावरच जाते, कारण पाइपपेक्षा ट्रान्समीटर कैक पटीने जास्त वेळा बिघडतात. मग शेजारच्या स्टेशनचा आकडा बघायचा. तोही उतरतोय? मग गॅस पुढे ढकलणारा कॉम्प्रेसर ट्रिप झाला (आपोआप बंद पडला) का, कुणी अचानक जास्त गॅस ओढतंय का, याची चौकशी. तेवढ्यात फोन वाजू लागतात आणि पलीकडून येणारी माहिती भलतीच असते. सॅन ब्रुनोत तर सुरुवातीला लोकांना विमान पडल्यासारखं वाटलं होतं. कुठला सेक्शन हे नक्की झाल्यावर कमांड द्यायची, आणि एवढा मोठा व्हॉल्व्ह फिरायलाही वेळ लागतो. तो बंद झाला तरी दोन व्हॉल्व्हच्या मधला गॅस जळतच राहतो. अमेरिकेच्या 2022 च्या नियमात नव्या मोठ्या लाइनसाठी मुदत आहे ती पाइप फुटल्याचं ओळखल्यानंतर 30 मिनिटांची. ओळखायला लागलेला वेळ त्याच्या आधीचा, वेगळा.

आयोगाच्याच महानिरीक्षकांनी फेब्रुवारी 2020 मध्ये त्या विश्लेषणावर कडक ताशेरे ओढले. मग नेमलेल्या तज्ज्ञ गटानेही तीन मिनिटांचं गृहीतक फार आशावादी असल्याचं मान्य केलं, पण अंतर आणि फुटण्याची कमी शक्यता बघता प्रकल्प सुरक्षितच आहे, असा निष्कर्ष काढला. मला तो निष्कर्ष चुकीचा वाटत नाही. पण आधी उत्तर ठरवायचं आणि मग गणित जुळवायचं, अशी शंका लोकांना आली तर त्यात लोकांचा दोष नाही.

आणखी एक विचित्र गोष्ट. अमेरिकेच्या पाइपलाइन नियमांत व्हॉल्व्ह किती अंतरावर हवेत हे मुख्यतः आसपासच्या घरांच्या संख्येवर ठरतं. दाट वस्तीत दोन व्हॉल्व्हमध्ये जास्तीत जास्त 5 मैल, विरळ वस्तीत 20 मैलांपर्यंत. अणुऊर्जा प्रकल्पासाठी जागा निवडताना मुद्दाम विरळ वस्ती बघतात. म्हणजे जिथे व्हॉल्व्ह जवळजवळ हवेत, तिथेच नियम सैल. कंपनीने स्वतःहून जास्त व्हॉल्व्ह बसवले तर गोष्ट वेगळी, पण ते विचारून घ्यावं लागतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. इंडियन पॉइंटची शेवटची भट्टी 30 एप्रिल 2021 ला बंद झाली, पाइपलाइन मात्र चालूच आहे. भट्टी बंद झाली तरी वापरलेलं इंधन पाण्याच्या टाकीत असेपर्यंत पंप आणि वीज लागतेच, फक्त हाताशी वेळ जास्त असतो. तेच इंधन स्टील-काँक्रीटच्या कोरड्या पिंपांत हलवलं की ते नुसत्या वाहत्या हवेने थंड राहतं, वीज गेली तरी बिघडत नाही. त्यामुळे तुमच्या मनात असलेला प्रकल्प बंद झालेला असेल, तर इंधन अजून टाकीत आहे की पिंपांत, हे आधी विचारा.