चतुर्दशीचं पान

प्रिय चिऊ,

परवा फोनवर तू दोन गोष्टी विचारल्यास. आजोबा गेले फेब्रुवारीत, मग आई त्यांचं पान दरवर्षी सप्टेंबरात, कधी ऑक्टोबरात का वाढते? आणि त्यानंतर आठ-नऊ दिवसांनी, चतुर्दशीला, पुन्हा एक पान वाढते, ते कोणाचं? चतुर्दशी तर शस्त्राने गेलेल्यांची, आणि आपल्या घरातलं कोणी लढाईत गेलेलं नाही. पहिलं पंचांगाचं आहे, ते लवकर सांगून टाकते. दुसऱ्यासाठी मला आजोबांबद्दल सांगावं लागेल, आणि ते मला फार दिवसांपासून सांगायचंच होतं.

बाबा, म्हणजे तुझे आजोबा, गेले ती तिथी माघ वद्य पंचमी. चंद्राचे बारा महिने मिळून साधारण 354 दिवस होतात, सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा कमी. म्हणून आपली तिथी इंग्रजी तारखेच्या मागे मागे सरकते आणि पावणेतीन वर्षांनी अधिक महिना आला की पुन्हा पुढे येते. माघातल्या पंचमीला त्यांचं वर्षश्राद्ध, ते मामा इंदूरला करतो. आणि भाद्रपदाच्या वद्य पक्षात, म्हणजे पितृपक्षात, तीच पंचमी आली की म्हाळ. इथे व्हँकुव्हरला मी फक्त पान वाढते. आमच्या गल्लीत तर एकाच पंधरवड्याला दोन नावं होती. आपला महिना अमावास्येला संपतो, शेजारच्या हिंदी घरांत पौर्णिमेला. त्यामुळे आम्ही भाद्रपद म्हणायचो, ते आश्विन म्हणायचे. श्राद्ध मात्र सगळीकडे त्याच दिवशी.

तू आजोबांना पाहिलंस ते म्हातारपणी, व्हिडिओ कॉलवर. ते सैन्यात सिग्नल्समध्ये होते. महूला त्यांचं प्रशिक्षण कॉलेज आहे, इंदूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, आणि त्यामुळेच निवृत्तीनंतर ते इंदूरला रामबागेजवळ स्थायिक झाले. महूची छावणी 1818 पासूनची. महिदपूरला होळकर हरले, मंदसोरचा तह झाला आणि इंग्रजांनी तिथे फौज बसवली. बाबा हे सांगताना 'आपण हरलो' असंच म्हणायचे, दोनशे वर्षं झाली तरी.

सिग्नल्सवाल्यांचं काम बोलणं चालू ठेवण्याचं. पुढची तुकडी आणि मागचं मुख्यालय यांच्यामध्ये केबल अंथरायची, फील्ड टेलिफोन जोडायचे, वायरलेस सेट सांभाळायचा. तोफगोळ्याने तार तुटते, आपल्याच गाड्यांच्या चाकाखालीही तुटते. तुटली की लाइनमनने रात्री-अपरात्री, गोळीबार चालू असला तरी, तार हातात धरून तुटलेल्या जागेपर्यंत चालत जायचं. बाबा लाइनमन होते.

घरी असले की मात्र ते पूर्ण घराचे. आमची शाळा सकाळची असायची आणि आजी स्वतः शिक्षिका, म्हणून तिचा डबा बाबा भरायचे. पोळ्या त्यांच्या नकाशासारख्या व्हायच्या, पण भाजी अप्रतिम. रविवारी रात्री वर्तमानपत्र पसरून सगळ्यांच्या बुटांना पॉलिश, माझ्या, मामाच्या आणि आजीच्या चपलांनासुद्धा. माझी वेणी ते घट्ट घालायचे, संध्याकाळपर्यंत एक केस निसटायचा नाही. ते लांब असायचे तेव्हा आम्ही त्यांना अंतर्देशीय पत्रं लिहायचो. पत्त्यात गावाचं नाव नसायचं, फक्त नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि 56 एपीओ किंवा 99 एपीओ, म्हणजे सैन्याच्या पोस्ट ऑफिसचा नंबर. वडील नेमके कुठे आहेत हे ठाऊक नसताना त्यांना पत्र लिहायचं म्हणजे काय, हे तुला मी शब्दांत सांगू शकणार नाही. पण आजीने त्याची कधी तक्रार केली नाही, आणि बाबांनीही एकाही पत्राचं उत्तर चुकवलं नाही.

पितृपक्षात माळव्यातल्या मुली संजा मांडतात. भिंतीवर शेणाने आकृत्या काढायच्या, रोज नवी, आणि त्यांवर फुलं, चमकीचे कागद चिकटवायचे. शेवटी किलाकोट होतो, किल्ल्यासारखी मोठी आकृती. संध्याकाळी गाणी. आपल्या घरात एकीकडे म्हाळाचा स्वयंपाक, आणि मागच्या भिंतीवर मी गल्लीतल्या मैत्रिणींबरोबर संजाला बसलेली. एकदा एका नातेवाईक बाईंनी श्राद्धाच्या दिवसांत गाणी कसली म्हणून हटकलं. बाबांनी काही न बोलता सायकल काढली आणि माझ्यासाठी गुलतेवडीची फुलं घेऊन आले. मला त्या पंधरवड्याची भीती कधी वाटली नाही, त्याचं कारण ते आहेत.

आता चतुर्दशी.

1971 च्या डिसेंबरात बाबा पूर्व आघाडीवर होते, आजच्या बांगलादेशात, जेसोरच्या बाजूला. 3 डिसेंबरला युद्ध सुरू झालं, 7 तारखेला जेसोर हाती आलं आणि फौज खुलन्याकडे निघाली. ढाक्याला 16 तारखेला शरणागतीवर सह्या झाल्या, पण खुलन्याला शस्त्रं खाली ठेवली गेली ती दुसऱ्या दिवशी. त्या मधल्या दिवसांत, त्याच रस्त्यावर, बाबांच्या सोबतचा एक लाइनमन तार जोडायला गेला तो परत आला नाही. तो मध्य प्रदेशातल्या भिंडचा होता. बाबांचा आणि त्याचा जोड होता, एक तार धरायचा, दुसरा रीळ. त्या रात्री पाळी त्याची होती. बाबांनी पुढचा भाग मला कधी सांगितला नाही आणि मी विचारलाही नाही. एवढंच सांगितलं की तार जोडलेली सापडली. लाइन चालू होती.

निवृत्त होऊन घरी आल्यावर पहिल्याच पितृपक्षात बाबांनी गुरुजींना विचारलं, की माझ्या सोबत्यासाठी काही करता येईल का. ना नातं, ना गोत्र माहीत, तिथीही माहीत नाही. डिसेंबरातली ती रात्र मध्यरात्रीच्या आधीची की नंतरची, हेसुद्धा नक्की नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, म्हणून गुरुजींचं उत्तर मला नीट आठवतं. ते म्हणाले, तर्पणात बाप, आजा, पणजा येतात, आईकडचे येतात, काका-मामा-आत्या येतात, आणि त्याच यादीत गुरू येतो, शिष्य येतो, सखाही येतो. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणायचं. आणि तिथी शोधूच नका. शस्त्राने गेलेल्यांसाठी वद्य चतुर्दशी आहेच, पंचांगात तिच्यासमोर 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध' असं छापलेलं असतं. ज्यांना मागे कोणीच उरलं नाही त्यांच्यासाठीही शेवटी पाणी सोडतात, तेव्हा तुमच्या मित्रासाठी सोडायला काहीच हरकत नाही.

बाबा उठून अंगणात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

त्या वर्षापासून चतुर्दशीला सकाळी ते दक्षिणेकडे तोंड करून बसायचे. ओंजळीत काळे तीळ आणि पाणी. भिंडच्या काकांचं नाव, मग आणखी काही नावं, वेगवेगळ्या प्रांतांतली. पाणी अंगठा आणि तर्जनीच्या मधून सोडायचे. नावं त्यांनी एका वहीत लिहून ठेवली होती, प्रत्येकापुढे गाव आणि जमलं तर बापाचं नाव. एक नाव केरळच्या ख्रिश्चन जवानाचं होतं. त्याच्यासाठी ते तीळ-पाणी देत नसत. म्हणायचे, त्याच्या घरचे त्यांच्या रीतीने चर्चमध्ये करत असतील, त्यात आपण शिरायचं नाही, पण जेवायला बोलवायला काय हरकत आहे? म्हणून पान सगळ्यांचं मिळून एक.

त्या पानात म्हाळाचंच जेवण असायचं: भाताची मूद, वरण, तांदळाची खीर, उडदाचे वडे, गवारीची भाजी, भोपळा, कढी, आमसुलाची चटणी. आजीला संधिवाताने वडे थापता येईनासे झाले तेव्हा बाबांनी थापायला घेतले. कावळ्यासाठी पान गच्चीवर ठेवायचे आणि खाली येऊन शांतपणे पेपर वाचायचे. म्हाळाला आजोबांच्या नावाने, म्हणजे माझ्या आजोबांच्या, कावळा यायला उशीर झाला की घरात चुळबुळ व्हायची, कोणाची काय इच्छा राहिली म्हणून. चतुर्दशीला बाबांना ती काळजी नसे. जवान माणसं आहेत, भुकेली आहेत, येतील, म्हणायचे.

भिंडच्या काकांच्या घरी ते दरवर्षी दिवाळीला मनीऑर्डर पाठवायचे, त्यांची मुलगी लग्न होऊन जाईपर्यंत. आजीला हे माहीत होतं आणि तिच्या पगारातले पैसे त्यात असायचे. आम्हाला मात्र बाबा गेल्यावर, काळ्या ट्रंकेतल्या पावत्या सापडल्यावर कळलं. ट्रंकेवर अजून त्यांचा नंबर आणि नाव पांढऱ्या रंगात आहे.

बाबांना कोणी शूर म्हटलं की ते विषय बदलायचे, आणि संसारी म्हटलं की खूश व्हायचे. मला वाटतं त्यांच्यासाठी या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच. डबा भरणं, वेणी घालणं, तुटलेली तार रात्री जाऊन जोडणं, आणि ज्याच्या बरोबर जोडली त्याला घरच्या जेवणाला बोलावणं, हे सगळं ते एकाच हाताने करायचे. म्हणून चतुर्दशीचं पान मी बंद केलं नाही. ती माणसं आपल्या रक्ताची नाहीत, पण आपल्या घरची आहेत, कारण बाबांनी ती घरची केली.

तू म्हणालीस, हॉस्टेलवर मी काय करू? तर्पण मामा करतो, त्याची तू काळजी करू नकोस. तू साधा वरण-भात कर, एक चमचा तूप, थोडी खीर जमली तर. जेवण्याआधी थोडं वेगळं काढून बाहेर ठेव. कावळे तुझ्याकडे आहेतच, संध्याकाळी बर्नबीच्या स्टिल क्रीककडे हजारोंनी उडत जाताना तू पाहिलेस. मैत्रिणी बरोबर असतील तर त्यांनाही जेवायला बसव आणि सांग कोणाचं जेवण आहे ते.

एक गोष्ट लक्षात ठेव. तिथी एका ठरावीक क्षणी बदलते, आणि इंदूर आपल्यापेक्षा या दिवसांत साडेबारा तास पुढे आहे. मामा तिकडे बसतो तेव्हा इथे आदली रात्र असते, त्यामुळे कधी कधी आपली चतुर्दशी आणि त्याची चतुर्दशी वेगळ्या तारखांना येते. मोबाइलवरच्या पंचांगात गाव व्हँकुव्हर निवड, इंदूर नको. आणि त्या आधी मामाला फोन कर, वहीचे फोटो माग. अक्षर बारीक आहे, काही गावांची नावं मला लागत नाहीत. तुझी नजर चांगली आहे, तू वाचून मला लिहून पाठव.

तुझी,
आई