वाचकांचे प्रश्न: गेममधला हिरोडोटस खरा किती?

प्रश्न: मी सध्या असॅसिन्स क्रीड ओडिसी हा प्राचीन ग्रीसमधला व्हिडिओ गेम खेळतोय. त्यात हिरोडोटस नावाचा एक वयस्कर माणूस डेल्फीला भेटतो, मग आपल्या जहाजावरच येतो आणि सारखं काहीतरी विचारत, लिहून घेत असतो. हा खरंच होऊन गेला का? आणि गेममधल्या युद्धाच्या वेळी तो जिवंत तरी होता का? मित्र म्हणतो गेमवाल्यांनी काळाची सरमिसळ केलीय.

उत्तर: होऊन गेला, हिरोडोटस हा खराखुरा ग्रीक इतिहासकार, आणि काळाची सरमिसळ अजिबात नाही, मित्राला नक्की सांगा. गेमची गोष्ट सुरू होते इ.स.पू. 431 मध्ये, अथेन्स आणि स्पार्टाचं पेलोपोनेशियन युद्ध पेटतं तेव्हा. हिरोडोटसचा जन्म साधारण इ.स.पू. 484 चा धरतात, म्हणजे तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला असणार. आणि तो जिवंत होता हे त्याच्याच पुस्तकातून कळतं बरं का. त्याचा मुख्य विषय पर्शियाशी झालेली जुनी युद्धं, त्याची गोष्ट संपते इ.स.पू. 479-478 च्या आसपास, पण मधेच जाता जाता तो 431 मध्ये थीब्ज या ग्रीक शहराच्या लोकांनी शेजारच्या प्लाटीया शहरावर केलेल्या हल्ल्याचा उल्लेख करतो, आणि पुढच्या वर्षी अथेन्सवाल्यांनी स्पार्टाचे दूत पकडून मारले तेही सांगतो. म्हणजे हे युद्ध सुरू झालेलं त्याने पाहिलंय.

तो मूळचा हॅलिकार्नॅससचा, आजचं तुर्कस्तानातलं बोद्रुम. तेव्हा ते ग्रीक शहर पर्शियन साम्राज्याखाली होतं आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्याच्या गावची राणी आर्टेमिसिया सलामिसच्या समुद्री लढाईत पर्शियाच्या बाजूने लढली होती आणि हा ग्रीक माणूस तिच्या हुशारीबद्दल अगदी मोकळ्या मनाने लिहितो. शत्रूच्या बाजूच्या बाईचं असं कौतुक करायला मन मोठं लागतं. पुस्तकाच्या पहिल्याच वाक्यात तो सांगून टाकतो की ग्रीक आणि ग्रीक नसलेले, दोघांचीही मोठी कामं विसरली जाऊ नयेत म्हणून मी हे मांडतोय.

आता कल्पना कुठली ते बघू. कॅसँड्रा आणि अलेक्सिओस ही गेमची मुख्य पात्रं काल्पनिक, स्पार्टाचा राजा लिओनिडासच्या तुटक्या भाल्यातली जादू काल्पनिक, हिरोडोटस त्यांच्याबरोबर जहाजावर फिरला हे काल्पनिक. आणि आजच्या काळातली लायला हसन त्याच्या ज्या हरवलेल्या पुस्तकाच्या आधाराने शोध घेते, ते पुस्तकही गेमवाल्यांचंच. पण त्याची फिरण्याची आणि विचारण्याची सवय मात्र खरी. इजिप्तमध्ये पार दक्षिणेला एलेफंटाईनपर्यंत मी स्वतः गेलो असं तो लिहितो, टायरला (आजच्या लेबनॉनमधलं शहर) देऊळ बघायला गेलो असंही लिहितो.

गेममध्ये तो आपल्याला थर्मोपिलीला, म्हणजे जिथे ग्रीकांनी पर्शियाची फौज अडवली होती त्या खिंडीत, बोलावतो ना, तो भाग खेळताना एक गोष्ट लक्षात ठेवा. खरा हिरोडोटस लिहितो की तिथे पडलेल्या तीनशेही स्पार्टन लोकांची नावं मी माहीत करून घेतली. लढाई इ.स.पू. 480 ची, तेव्हा तो लहान पोरगा होता, म्हणजे नंतर कधीतरी कोणाकोणाला गाठून, विचारून विचारून त्याने ही नावं मिळवली. आणि तो फक्त स्पार्टाचं गुणगान करून थांबत नाही, शेवटपर्यंत स्वतःहून थांबलेल्या थेस्पिया या ग्रीक शहराच्या 700 जणांचीही नोंद करतो, ज्यांना लोक कायम विसरतात.

प्रश्न: आमचे सर म्हणतात त्याला इतिहासाचा जनक म्हणतात आणि थापाड्याही म्हणतात. मग त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही?

उत्तर: दोन्ही गोष्टी फार जुन्या आहेत. इतिहासाचा जनक म्हणणारा रोमन वक्ता सिसेरो, आणि त्यानेच तिथल्या तिथे म्हणून ठेवलंय की याच्याकडे दंतकथा मात्र असंख्य आहेत. पुढे प्लुटार्क या ग्रीक लेखकाने तर हिरोडोटस किती खोडसाळपणे लिहितो यावर एक अख्खा निबंधच लिहिला.

माझं मत सरळ आहे, त्याला थापाड्या म्हणणं हा अन्याय आहे. काही आकडे चुकलेले आहेत हे मान्य. ग्रीसवर चालून आलेला पर्शियाचा राजा झर्क्सीस, त्याच्याबरोबर आलेल्या माणसांचा एकूण आकडा तो 52,83,220 देतो, एवढ्या लोकांना त्या काळात अन्नपाणी पुरवणं शक्यच नव्हतं आणि आजचे अभ्यासक खूपच कमी आकडा धरतात. पण त्याची पद्धत बघा ना. हे मी डोळ्यांनी पाहिलं, हे तिथल्या पुजाऱ्यांनी सांगितलं, हे अमुक लोक म्हणतात पण मला पटत नाही, असं तो वेगवेगळं करून सांगतो. एका ठिकाणी तर स्पष्टच लिहितो की लोक जे सांगतात ते नोंदवणं माझं काम आहे, पण त्या सगळ्यावर विश्वास ठेवणं मला बंधनकारक नाही, आणि हे माझ्या सगळ्या लिखाणाला लागू आहे असं समजा. अडीच हजार वर्षांपूर्वी हे सुचणं केवढी मोठी गोष्ट आहे!

याचं सगळ्यात भारी उदाहरण आफ्रिकेचं. इजिप्तचा राजा नेको, साधारण इ.स.पू. 600, याने फिनिशियन (आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या) खलाशांना तांबड्या समुद्रातून दक्षिणेकडे पाठवलं, ते मधेमधे किनाऱ्याला उतरून धान्य पेरायचे, पीक काढायचे आणि पुढे निघायचे, असं करत तिसऱ्या वर्षी जिब्राल्टरच्या बाजूने भूमध्य समुद्रात शिरून परत आले, अशी गोष्ट तो सांगतो. त्या खलाशांनी सांगितलं की आफ्रिकेला वळसा घालताना सूर्य आमच्या उजव्या हाताला होता. हिरोडोटस म्हणतो, दुसरा कोणी विश्वास ठेवेल तर ठेवो, मी नाही ठेवत. आणि गंमत बघा, त्याला न पटलेली तीच गोष्ट आज त्या सफरीच्या बाजूने सगळ्यात मोठा पुरावा म्हणून मांडतात, कारण विषुववृत्ताच्या बऱ्याच खाली गेल्यावर पश्चिमेकडे जाताना दुपारचा सूर्य उत्तरेला म्हणजे उजवीकडेच दिसतो. न पटलेली माहिती त्याने गाळून टाकली असती तर आपल्याला ती कधी कळलीच नसती.

दुसरं अलीकडचं. नाईल नदीवरची मालवाहू होडी कशी बांधतात हे त्याने बारकाईने लिहून ठेवलंय, बाभळीच्या जातीच्या लाकडाच्या आखूड फळ्या विटांसारख्या रचून वगैरे. कित्येक वर्षं अभ्यासकांना त्या वर्णनाचा नीट अर्थ लागत नव्हता. मग इजिप्तच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या थोनिस-हेराक्लिऑन शहरात एक जहाज सापडलं आणि 2019 मध्ये त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तर बांधणी बरीचशी त्याने सांगितली तशीच निघाली.

प्रश्न: त्याने भारताबद्दल पण लिहिलंय असं ऐकलं, खरं का?

उत्तर: हो, पण तो इथे आला नव्हता, पर्शियन लोकांकडून कानावर आलेलं लिहिलंय. त्याच्यासाठी भारत म्हणजे मुख्यतः सिंधू नदीकडचा भाग. तिथून पर्शियाच्या राजाला वर्षाला 360 टॅलेंट (हे तेव्हाचं वजनाचं माप) सोन्याची भुकटी जायची, तिथल्या रानझाडांना मेंढीच्या लोकरीपेक्षा सरस लोकर लागते (हा कापूस), आणि झर्क्सीसच्या सैन्यातले भारतीय सुती कपडे घालून वेताची धनुष्यं वापरायचे, अशा नोंदी आहेत. सोनं उकरून काढणाऱ्या, कोल्ह्यापेक्षा मोठ्या मुंग्यांची गोष्टही तिथलीच, आणि तीसुद्धा तो पर्शियन लोकांच्या नावावरच सांगतो.

प्रश्न: मला मारामारी नकोय, फक्त तो काळ बघायचाय आणि थोडं वाचायचंय. कुठून सुरू करू?

उत्तर: ओडिसीचा डिस्कव्हरी टूर घ्या, 2019 मध्ये आला. त्यात लढाया नाहीत, नुसतं फिरायचं आणि ऐकायचं, आणि माहिती सांगणाऱ्या वाटाड्यांमध्ये हिरोडोटसही आहे. वाचायला मात्र त्याच्या पुस्तकाच्या पहिल्या भागापासून सुरू करू नका, नावांच्या गर्दीत दमछाक होते. एकूण नऊ भाग आहेत, ही विभागणी त्याने नाही, नंतरच्या लोकांनी केली. तुम्ही सरळ सातवा घ्या, त्यात झर्क्सीसची स्वारी आणि थर्मोपिली आहे, मग सलामिससाठी आठवा. असॅसिन्स क्रीडचाच इजिप्तमधला गेम ओरिजिन्स खेळून इजिप्त आवडलं असेल तर दुसरा भाग, त्यात ममी कशी करायचे याचं वर्णन आहे, श्रीमंतांसाठी वेगळी पद्धत, गरिबांसाठी वेगळी. आणि एक लक्षात असू द्या, गेममधलं अथेन्स-स्पार्टा युद्ध वाचायचं असेल तर ते हिरोडोटसमध्ये नाही मिळणार, त्यासाठी थ्युसिडिडीज वाचा, तो त्या युद्धात स्वतः अथेन्सचा सेनापती होता.