वन्यजीवशास्त्र शिकायला बाहेर निघालीस, तर दिवस कसे जातील

तू विचारलंयस: ‘ताई, वन्यजीवशास्त्रात मास्टर्स करायला परदेशात जायचं ठरवतेय. रोजचा दिवस कसा असतो? जंगलात किती राहायला मिळतं? आणि माझं गणित कच्चं आहे, चालेल ना?’

उलट्या क्रमाने सांगते, कारण शेवटचा प्रश्न तू घाईघाईत उरकलायस आणि खरा प्रश्न तोच आहे.

नाही चालणार. पण घाबरू नकोस, लागणारं गणित शाळेतल्या भीतीदायक गणितासारखं नसतं. समज, एका माळावर उंदीर किती आहेत ते काढायचंय. पहिल्या खेपेला ४० पकडलेस, कानाला धातूची बारीक टिकली लावून सोडून दिलेस. काही दिवसांनी पुन्हा सापळे लावलेस, ५० सापडले, त्यात १० टिकलीवाले. म्हणजे दर पाचात एक. मग ते ४० टिकलीवाले एकूण किती उंदरांत मिसळलेत? २००. याला लिंकन-पीटरसन पद्धत म्हणतात आणि ती तुला आत्ता कळलीसुद्धा.

पुढची सगळी मेहनत शंका काढण्यात जाते. मधल्या दिवसांत काही मेले असतील तर? काही बाहेरून आले असतील तर? काही उंदीर सापळ्यातल्या आमिषाला इतके चटावतात की रोज येऊन बसतात, आणि काही एकदा अडकले की जन्मात फिरकत नाहीत, त्यांचं काय? अशा प्रत्येक शंकेसाठी सूत्रात एक नवीन पद येतं, आणि दुसऱ्या सत्रापर्यंत ते सूत्र फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं. वन्यजीवशास्त्रज्ञ उल्लास कारंथांनी कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात वाघ मोजताना हीच कल्पना वापरली. टिकलीच्या जागी पट्टे आले, कारण दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. कॅमेऱ्यात आला की ‘पकडला’, पुन्हा आला की ‘पुन्हा पकडला’. तो लेख १९९५ चा, अजून वर्गात वाचायला देतात. २००२ मध्ये मॅकेन्झी नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी तीच शंका आणखी ताणली: एखाद्या जागी प्राणी दिसला नाही म्हणजे तो तिथे नाही असं कशावरून? त्याच जागी पुन्हा पुन्हा जाऊन ‘असून न दिसण्याची’ शक्यता मोजायची. माझा अख्खा प्रबंध या एका वाक्यावर उभा आहे, आणि या वाक्याने मला जितकं रडवलंय तितकं घरच्या आठवणीने नाही.

तर निघायच्या आधी ‘आर’ नावाची संगणकभाषा शीक. फुकट आहे. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअरही फुकट आहे. इथे पहिल्याच आठवड्यात दोन्ही येतं असं धरून चालतात. मला येत नव्हतं. माझं पहिलं सत्र स्क्रीनवरच्या लाल अक्षरांतल्या चुका वाचण्यात गेलं.

आता जंगल. माझ्या वर्षातले सलग तीन महिने बाहेर जातात, बाकी काळात मधूनमधून शनिवार-रविवार. उरलेले दिवस खोलीत, प्रयोगशाळेत, संगणकापुढे. हे ऐकून हिरमुसली असशील तर आत्ताच हिरमुसून घे. मी कॅमेरा ट्रॅपवर काम करते, म्हणजे प्राण्याच्या वाटेवर झाडाला कॅमेरा बांधायचा आणि निघून यायचं. अंगाची ऊब आणि हालचाल जाणवली की तो फोटो काढतो. उन्हात तापलेलं गवत वाऱ्याने हललं तरी काढतो. कॅमेऱ्यातून काढलेल्या माझ्या पहिल्या मेमरी कार्डावर अकरा हजार फोटो होते आणि त्यातले दहा हजारांवर एकाच गवताच्या झुपक्याचे. आता मेगाडिटेक्टरसारखे प्रोग्राम रिकामे फोटो वेगळे काढून देतात, तरी प्राणी कुठला, नर की मादी, हे बघायला डोळे आपलेच लागतात. दुपारी दोन ते सहा, कानाला हेडफोन, एका फोटोमागून दुसरा. हा माझा सरासरी मंगळवार.

आणि एक कबुली देऊन टाकते. एका कॅमेऱ्याची बॅटरी बदलल्यावर तारीख आपोआप मूळपदावर गेली होती, मी तपासली नाही. दोन महिन्यांचे फोटो आले, प्राणी होते, पण कधीचे ते देवाला ठाऊक. माझ्या अभ्यासात प्राणी कुठल्या दिवशी, कुठल्या प्रहरी आला हे लागतंच, त्यामुळे ते सगळं फुकट. आता कॅमेरा लावला की मी त्याच्यासमोर हातात घड्याळ आणि वहीत लिहिलेली तारीख धरून उभी राहते. पहिल्या फोटोत नेहमी माझंच थकलेलं तोंड असतं.

वर्ग चालू असतात तेव्हाच्या आठवड्यात मला सगळ्यात आवडतो तो प्राण्यांच्या ओळखीचा तास. टेबलांवर ट्रे मांडलेले. एकात कवटी, एकात केसांची काचपट्टी, एकात वाळलेली विष्ठा, एकात एकुलतं एक पीस. परीक्षेत प्रत्येक ट्रेपाशी एक मिनिट, घंटा वाजली की पुढे सरकायचं. कवटी हातात घेतली की आधी दात बघायचे. वरचे पटाशीचे दात नाहीतच, तर हरणाच्या किंवा गाईगुरांच्या घराण्यातली. डोळ्यांच्या खोबणी मोठ्या, पुढे वळलेल्या आणि तोंड आखूड, तर मांजरकुळातली. तोंड लांब आणि दाढा जास्त, तर कुत्र्याच्या. पहिल्या परीक्षेत मी एका साध्या पाळीव डुकराच्या कवटीला काहीतरी भलतंच भारदस्त नाव दिलं होतं.

नावांचा घोळ बाहेर येणाऱ्यांना विशेष भोवतो. युरोपात ‘एल्क’ म्हणजे अल्सेस अल्सेस, ज्याला अमेरिकेत ‘मूस’ म्हणतात. आणि अमेरिकेतला ‘एल्क’ हे सर्व्हस कॅनाडेन्सिस, साफ वेगळं हरीण. रॉबिन पक्षीही युरोपातला वेगळा, अमेरिकेतला वेगळा, दोघांत साम्य म्हणाल तर छातीचा तांबूस रंग. इंग्रजी नावं पाठ करून येऊ नकोस, शास्त्रीय नावं पाठ करून ये. तेवढं एकच चलन सगळीकडे चालतं.

ज्या गोष्टीबद्दल मला कुणीच आधी सांगितलं नव्हतं ती म्हणजे कान. इकडे येण्याआधी मी दीडशेएक पक्षी नुसत्या आवाजावरून सांगायचे, त्यावरच माझी सगळी ऐट होती. इथल्या पहिल्या वसंतात पहाटे चारला उठून मोजणीला गेले. ठरलेल्या बिंदूवर दहा मिनिटं गप्प उभं राहायचं, ऐकू येईल तो प्रत्येक पक्षी नोंदवायचा, किती अंतरावरून ते अंदाजाने लिहायचं आणि पुढच्या बिंदूकडे चालायला लागायचं. भोवती गलका चाललेला आणि मला त्यातला एकही ओळखीचा नाही. बरोबरची मुलगी माझ्याहून लहान, ती भराभर लिहीत होती. मी वहीत ‘अनोळखी १, अनोळखी २’ करत अनोळखी १४ पर्यंत गेले. भाषा येत नाही अशा गावात उतरल्यावर होतं तसं, फक्त इथे माणसांची भाषा येत होती आणि झाडांची नाही. झेनो-कँटो नावाची पक्ष्यांच्या आवाजांची वेबसाइट आहे. तू जाणार त्या भागातले चाळीस नेहमीचे पक्षी निवड आणि निघायच्या आधी सहा महिने रोज पाच-सात मिनिटं ऐक. एकाच पक्ष्याचं गाणं निराळं, धोक्याची हाक निराळी, पिल्लांचं मागणं तिसरंच. आवाज ओळखणारं फोनमधलं अ‍ॅप सरावाला उत्तम, मोजणीत मात्र त्याच्या भरवशावर राहायचं नाही, कारण चूक झाली तर वहीखाली सही तुझी असते.

वहीवरून आठवलं. इथे वही पेन्सिलीने लिहितात, शाई पावसात पसरते. तारीख, वेळ, जागा, हवा, काय दिसलं, काय दिसलं नाही, सगळं. मला हा छळवाद वाटायचा. मग जोसेफ ग्रिनेल या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाची गोष्ट वर्गात ऐकली. त्याने आणि त्याच्या माणसांनी १९१४ ते १९२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या डोंगरांत सापळे लावून अशाच बारीक नोंदी ठेवल्या होत्या. सुमारे नव्वद वर्षांनी दुसरे लोक त्याच वह्या घेऊन त्याच जागी गेले. त्यांनी तपासलेल्या २८ छोट्या सस्तन प्राण्यांपैकी निम्म्यांच्या वावराच्या सीमा डोंगरात सरासरी ५०० मीटर वर, म्हणजे थंडाव्याकडे, सरकलेल्या निघाल्या. ग्रिनेलने त्या नोंदी काही तापमानवाढ तपासायला ठेवल्या नव्हत्या. तेव्हापासून मी ‘काय दिसलं नाही’ हा रकाना रिकामा सोडत नाही.

बाहेरच्या कामाबद्दल बोलायला लागले तर थांबणार नाही, म्हणून दोनच गोष्टी. एक, रेडिओ कॉलर, म्हणजे प्राण्याच्या गळ्यात बांधलेला, रेडिओ संदेश सोडणारा पट्टा. हातात अँटेना धरून गोल फिरायचं, टिकटिक जिकडून मोठी येईल ती दिशा होकायंत्रावर घ्यायची, मग दुसऱ्या जागेवरून पुन्हा, तिसऱ्या जागेवरून पुन्हा, आणि रेघा जुळतात तिथे प्राणी. डोंगराळ भागात रेडिओलहरी कड्यावर आपटून भलतीकडून येतात. एकदा आम्ही पाच तास एका ‘स्वस्थ बसलेल्या’ प्राण्याचा माग काढला आणि झुडपात नुसती गळून पडलेली कॉलर सापडली. कॉलरचं वजनही मनाला येईल तसं नसतं. सस्तन प्राण्याला शरीराच्या वजनाच्या ५ टक्क्यांच्या आत आणि पक्ष्याला ३ टक्क्यांच्या आत, हा साधारण दंडक. आणि प्राण्याला हात लावायच्या आधी विद्यापीठाच्या नीतिसमितीची परवानगी, वन्यजीव खात्याचा परवाना, हे कागद. त्यात महिनेच्या महिने जातात, ते वेळापत्रकात धर.

दोन, हाडं. अमेरिकेत लेक सुपीरियर या मोठ्या सरोवरातल्या आइल रॉयल बेटावर लांडगे आणि मूस यांचा अभ्यास १९५८ पासून अखंड चालू आहे. तिथे उन्हाळ्यात स्वयंसेवक पाठीवर ओझी घेऊन आठवडाभर मेलेल्या मूसची हाडं शोधत हिंडतात. दातांवरून वय कळतं, सांध्यांवरून संधिवात होता का ते कळतं, आणि लांडगे कुणाला उचलतात याचा हिशोब लागतो. जिवंत लांडगा एकदाही न बघता लोक खूश होऊन परत येतात. तुला हे ऐकून हसू आलं की हेवा वाटला? हेवा वाटला असेल तर ये.

मनाची तयारी लागते ती एका वेगळ्याच गोष्टीची. प्राण्यांवरच्या प्रेमापोटी आपण इकडे वळतो, आणि वर्गात शेजारी बसणारा मुलगा शिकारी निघतो. अमेरिकेत १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला, त्यामुळे तिथल्या संवर्धनाचा मोठा पैसा शिकाऱ्यांच्या खिशातून येतो. न्यूझीलंडने २०१६ मध्ये जाहीर केलं की २०५० पर्यंत बाहेरून आलेले उंदीर, स्टोट (मुंगसासारखा छोटा शिकारी प्राणी), पॉसम (झाडावर राहणारा, पिशवीवाला प्राणी) हे देशातून संपवायचे, म्हणजे तिथला पक्षिप्रेमी विद्यार्थी सापळ्यातली मेलेली जनावरं मोजतो. मी पहिल्या वर्षी या विषयावर तावातावाने भांडले. मग एका शिकाऱ्याबरोबर दिवसभर चालले. मला अजूनही बंदूक हातात धरवत नाही, पण हरणाच्या चालण्याबद्दल त्याला माझ्या प्राध्यापकापेक्षा जास्त कळतं हे मान्य करावं लागलं.

किरकोळ वाटणाऱ्या पण अडवणाऱ्या गोष्टी. गाडी चालवायला शीक, तीही गिअरची. कामाच्या जागा बसथांब्यापासून फार लांब असतात आणि परवाना नसलेल्या विद्यार्थ्याला उन्हाळ्याचं काम मिळणं कठीण. वटवाघळं किंवा मांसाहारी प्राणी हाताळायचे असतील तर रेबीजची लस आधीच घ्यावी लागते. गोचिडीची पिल्लं खसखशीएवढी असतात, रोज संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, केसांत बघायचं, लाज बाजूला ठेवून. एकटी जाणार असशील तर कुठे जातेस आणि कितीला परतशील हे कुणाला तरी लिहून द्यायचं, आणि परतल्यावर ‘आले’ म्हणून कळवायचं. मी एकदा कळवायला विसरले आणि रात्री माझ्या शोधाची तयारी सुरू झाली होती. ती शरम जाता जात नाही.

नोकरीबद्दल तू विचारलं नाहीस, पण विचारायला हवं होतंस. बऱ्याच देशांत सरकारी वन्यजीव खात्यातल्या जागा नागरिकांनाच मिळतात. परदेशी माणसाला विद्यापीठ, संस्था, सल्लागार कंपन्या हे रस्ते राहतात, आणि तिथे प्राणी ओळखता येण्यापेक्षा आकडे हाताळता येणं जास्त विकलं जातं. पुन्हा तेच गणित, बघ.

शेवटी अर्जाचं. नुसता अभ्यासक्रम पूर्ण करायचा की प्रबंध लिहायचा हे आधी ठरव. प्रबंधवाल्यांना काही देशांत प्राध्यापकाच्या प्रकल्पातून किंवा शिकवण्याच्या कामातून फी आणि मानधन सुटतं, पण त्यासाठी विद्यापीठाआधी प्राध्यापक शोधावा लागतो. त्यांना ‘मला लहानपणापासून प्राण्यांची आवड आहे’ असं लिहू नकोस, ती आवड त्यांच्या दारात रोज येऊन पडते. त्यांचा ताजा लेख वाच, त्यात तुला न पटलेली किंवा न कळलेली एक गोष्ट शोध आणि तिच्याबद्दल चार ओळी लिही. इथे विद्यार्थ्याने वाद घातला की प्राध्यापक खुर्ची पुढे ओढतात.

तू ज्या दोघींना लिहिणार आहेस म्हणालीस, त्यांच्यापैकी एकीचा लेख निवड आणि तो प्रश्न आधी मला पाठव. पुढच्या गुरुवारनंतर पाठव, तोवर मी कार्डं बदलायला डोंगरात आहे आणि तिथे फोन लागत नाही.