ख्रिस्ती उपासनेत इतकी गीतं का गातात? नुसतं प्रवचन ऐकून चालत नाही का?

तुम्ही लिहिलंय की नुकतेच चर्चला जायला लागलात, पण गाता येत नाही म्हणून प्रत्येक गीताला अवघडून उभे राहता. शेवटच्या भोजनानंतर प्रभू येशू आणि शिष्य गीत गाऊनच जैतुनांच्या डोंगराकडे निघाले. येशूचा प्रचार करणारे पौल आणि सीला फिलिप्पै शहराच्या तुरुंगात मध्यरात्री गात होते. प्रवचन पाळकांचं असतं, गीत सगळ्या मंडळीचं. म्हणून गातात.

पण गीतांचं खरं काम रविवारी कळत नाही, घरात कळतं. माझ्या सासूबाई नगर जिल्ह्यातल्या खेड्यातल्या. अक्षरओळख नव्हती, तरी 'उपासना संगीत' या आमच्या गीतांच्या पुस्तकातली कितीतरी गीतं सगळ्या कडव्यांसकट पाठ. भाकरी थापताना एक, जात्यावर एक, रात्री नातवंडांना बसवून एक आणि मगच ताटं. शुभवर्तमान त्यांना गीतांतूनच ठाऊक होतं, आणि चांगलं ठाऊक होतं.

त्या गेल्या तेव्हा धाकटे दीर लांबून यायचे होते, म्हणून मयत रात्रभर ओसरीवर ठेवली. चर्चमधून पेटी-तबला आणला. पेटीची एक पट्टी दाबली की खालीच राहायची, वाजवणारा दर वेळी करंगळीने ती वर उचलून पुढे जायचा. शेजारचे माळकरी आजोबा सुरुवातीला भिंतीला टेकून गप्प बसले होते. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचा अभंग सुरू झाला तसे उठून घरी गेले आणि टाळ घेऊन आले. शब्द त्यांना नवे होते, चाल नव्हती. दुसऱ्या वेळेपासून धृपद त्यांनीच उचललं. मग त्यांच्या घरच्या बायकाही येऊन बसल्या. उजाडेपर्यंत कुणी उठलं नाही. सांत्वनाचे चार शब्द आम्हाला कुणालाच सुचत नव्हते, ते गीतांनी निभावून नेलं.

आणि सकाळी दफन उरकून परतताना नात्यातले एक वडीलधारे सगळ्यांदेखत म्हणाले, "टाळ कशाला हवे होते? अभंग त्यांचे. आपली इंग्रजी चालीची गीतं नव्हती का?" त्या दिवशी मी गप्प राहिले, घरात दुःख होतं. आज सांगते. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते स्वतः सांगत. त्यांच्या आधी कृष्णाजी रत्नाजी सांगळ्यांनी आपल्याच चालींत ख्रिस्ती गीतं लिहिली. त्याच्याही कितीतरी आधी, १६१६ साली, गोव्यात फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, तेही ओव्यांत. आणि फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज! टिळकांच्या गीताचं भाषांतर इंग्रजी स्तोत्रसंग्रहात छापलं जातं, आणि आमच्याच माणसांना ती चाल परकी वाटते. याला श्रद्धा म्हणत नाहीत, न्यूनगंड म्हणतात.

तुमच्या गळ्याचं म्हणाल, तर मंडळीत एकट्याचा आवाज कुणी ऐकत बसत नाही. एखाद्या जुन्या, पाठ गाणाऱ्या बाईंच्या मागच्या बाकावर बसा आणि त्यांच्या मागून म्हणा. पडद्यावरचे शब्द वाचत राहिलात तर वर्षभरानेही एक गीत पाठ होणार नाही. पुस्तक विकत घ्या. आधी दोनच गीतं निवडा, त्यांतला एक अभंग असू द्या, आणि घरी काम करताना म्हणा.

हे मी आमच्या प्रॉटेस्टंट मंडळींपुरतं बोलतेय. कॅथलिकांच्या मिस्साची, म्हणजे त्यांच्या उपासनेची, रीत वेगळी, पेंटेकॉस्टल सभांची आणखी वेगळी. इंग्रजी चालींशीही माझं वैर नाही, नाताळात मीही त्या मनापासून गाते. पण मयताच्या घरी कुणी टाळ खाली ठेवायला सांगितलं, तर आता मी ऐकून घेणार नाही.