ती परीक्षा तुमची राहिली होती

प्रश्न: मी जिल्हा पोलीस दलात एमटी (गाड्या सांभाळणाऱ्या मोटार ट्रान्सपोर्ट) सेक्शनला हवालदार आहे. मुलगी ऑटोमोबाईल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, ६८ टक्के. खात्यांतर्गत फौजदारकी माझी दोनदा हुकली, तिने तरी व्हावं म्हणून क्लास लावलाय. ती मात्र पोलीस गाड्यांच्या खर्चावर प्रोजेक्ट करत बसते. हे काय करिअर आहे? तिचा कागद सोबत जोडलाय.

उत्तर: हवालदारसाहेब, मार्क ठीक आहेत. मला खटकला तो तुमचा लाल पेन. रोज रात्री नाकाबंदीला उभ्या राहणाऱ्या बोलेरोचं अ‍ॅव्हरेज इतकं कमी का, हे पोरीने पेन्सिलीने मांडलंय. शेजारी तुम्ही लिहिलंय, "चालक डिझेल काढतो. वेळ घालवू नकोस."

काढतही असेल एखादा. पण खर्च वाचवणं म्हणजे चोर पकडणं किंवा डिझेलचा कोटा कापणं, हा समज आधी सोडा. दिवा आणि वायरलेस चालू ठेवायला इंजिन रात्रभर सुरू राहतं. डिझेल जळतं, किलोमीटर वाढत नाहीत. मग अ‍ॅव्हरेज पडणारच. त्याहून वाईट म्हणजे ऑइल आपण किलोमीटर बघून बदलतो. मीटरवर सर्व्हिसिंगला अजून वेळ दिसतो आणि आत इंजिन झिजून गेलेलं असतं. सहा महिन्यांनी ती गाडी वर्कशॉपला जॅकवर, आणि ठाण्यात गाडी नाही म्हणून बोंब! म्हणून इंजिन किती तास चाललं ते वेगळं लिहा, असं तुमची मुलगी म्हणते. बरोबर म्हणते. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे वाढत नाही. तोवर कुठल्या गाडीवर पैसे घालायचे आणि कुठली आधीच काढायची, हे ठरवायला असंच डोकं लागतं.

राहिला क्लास. थेट फौजदारकीला पदवी लागते, डिप्लोमा चालत नाही. फी भरण्याआधी जाहिरात वाचली होती का? एमपीएससीचीच सहायक मोटार वाहन निरीक्षकाची परीक्षा तिच्या डिप्लोमावर देता येते. फक्त लायसन्सची अट नीट बघा. ताफ्याच्या खर्चातच रस टिकला तर डिप्लोम्यानंतर बारावीसारखाच कॉस्ट अकाउंटन्सीचा रस्ताही आहे का, ते तिने कॉस्ट अकाउंटंट्सच्या संस्थेत विचारावं. आणि पुण्यात भोसरीला सीआयआरटी ही रस्ते वाहतुकीची केंद्रीय संस्था आहे, तिथे सार्वजनिक वाहतुकीच्या ताफ्यांवरच काम चालतं. एकदा घेऊन जा तिला. गणवेशात नको, वडील म्हणून जा.

आणि लॉगबुकचे फोटो घरी नेणं थांबवा. साहेबांची लेखी परवानगी घ्या, गाडी नंबर झाकून मग तिला आकडे द्या.