ओपन सोर्स प्रकल्पाच्या नावावरून भांडण लागलं, तर आपण कुणाकडे राहायचं?

आधी तो ‘गद्दार’ शब्द डोक्यातून काढा.

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: चार वर्षं तुम्ही एका ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, सॉफ्टवेअरचं मराठी भाषांतर फुकटात करताय. नावाचा ट्रेडमार्क एका कंपनीकडे आहे. तिच्याशी बिनसलं म्हणून निम्मे डेव्हलपर तोच कोड घेऊन नव्या नावाने बाहेर पडले. तुम्ही तिकडेही मदत करतो म्हणालात, तर जुन्यांपैकी कुणीतरी हा शब्द वापरला. नाव कुणाचं, चिन्ह कुणाचं हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको, त्यामुळे मी थेट सॉफ्टवेअरवर येतो.

मी कोल्हापुरात, राजारामपुरीत, वेबसाइट करून पोट भरतो. 2004 ला सुरुवात केली ती मांबोवर, म्हणजे वेबसाइट बनवायच्या एका ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर. उद्यमनगरातल्या फाउंड्रीवाल्यांना चार पानांची साइट आणि चौकशीचा फॉर्म द्यायचा, एवढाच धंदा. मांबोवर जीव इतका, की व्हिजिटिंग कार्डावर स्वतःच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत ‘मांबो’ छापून घेतलं. पाचशे कार्डं.

ऑगस्ट 2005 मध्ये, इथला महापूर ओसरून थोडेच दिवस झाले होते, तेव्हा बातमी आली की मांबोचे मुख्य डेव्हलपर एका झटक्यात बाहेर पडले. ट्रेडमार्क मिरो नावाच्या ऑस्ट्रेलियन कंपनीकडे होता. तिने प्रकल्प सांभाळायला फाउंडेशन काढलं, पण त्यात आपल्याला पुरेसं स्थान नाही, असं डेव्हलपरांचं म्हणणं. सप्टेंबरात त्यांनी नवं नाव जाहीर केलं, जूमला. पहिली आवृत्ती म्हणजे जवळजवळ मांबोच, नाव बदललेलं आणि चुका काढलेलं.

मी तिकडे गेलो, पण त्यात निष्ठाबिष्ठा काही नव्हती. त्याआधी एका साइटवर मराठी मजकुराच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटत होती. तीन रात्री डोकं फोडलं. शेवटी परदेशातल्या एका अनोळखी माणसाने डेटाबेसची कुठली सेटिंग बदलायची ते ओळीने लिहून पाठवलं. देवनागरीचं एक अक्षर त्याला वाचता येत नव्हतं. बाहेर पडणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव दिसलं आणि माझा विषय संपला. पुढची अडचण आली की मी विचारणार कुणाला?

गिऱ्हाईकाला समजावणं मात्र अवघड गेलं. एक वयस्कर फाउंड्रीमालक म्हणाले, “काल मांबो म्हणत होतास, आज दुसरंच. कंपनी बुडाली काय?” मी म्हटलं, नाही, नुसतं नाव बदललंय, जूमला. स्वाहिलीत ‘सगळे मिळून’ असा अर्थ आहे. तर ते हसायला लागले. “अरे, हा आपलाच शब्द की! आमचे वडील वहीत बेरजेखाली ‘जुमला’ लिहायचे. एकूण.” शब्द मूळचा अरबी, तिकडे आफ्रिकेत गेला आणि इकडे आपल्या हिशेबात आला. पुढची दोन वर्षं ती पाचशे कार्डं आई किराण्याच्या यादीसाठी वापरत होती.

आता कायद्याचं. कोडचा परवाना आणि नावाचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जीपीएलसारखा ओपन सोर्सचा परवाना कोड घ्यायला, बदलायला, वाटायला मोकळीक देतो, नाव वापरायला नाही. मिसळवाल्याने मसाल्याचं प्रमाण गावभर वाटलं, तरी दुकानावरची पाटी त्याचीच, आणि तिच्याखाली ‘आमची कोठेही शाखा नाही’ हेही त्याचंच. तुमची भाषांतरं ज्या प्रकल्पात ठेवली आहेत, तो जीपीएलखाली असेल, तर ती दोन्हीकडे रीतसर वापरता येतात. मग गद्दारी कसली?

पण ट्रेडमार्क म्हणजेच दुष्ट, असंही समजू नका. 1994 मध्ये अमेरिकेतल्या एकाने ‘लिनक्स’ या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव स्वतःच्या नावे करून घेण्यासाठी अर्ज केला आणि पुढे लिनक्स विकणाऱ्यांकडे कमाईच्या दहा टक्क्यांची मागणी केली. भांडून ते नाव 1997 मध्ये लिनक्स लिहिणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सकडे आलं. 2014 मध्ये ग्रुपॉन या सवलतीची कुपनं विकणाऱ्या कंपनीने आपल्या टॅब्लेटला ‘नोम’ नाव दिलं, तेव्हा त्याच नावाचा लिनक्सवरचा डेस्कटॉप बनवणाऱ्या फाउंडेशनने लढायला 80 हजार डॉलरची वर्गणी मागितली. एका दिवसात त्याहून जास्त जमली आणि ग्रुपॉनने माघार घेतली. तिथे ट्रेडमार्क होता म्हणूनच लोकांना एकवटता आलं.

हडसनची गोष्ट उलटी. डेव्हलपरांचा कोड आपोआप जुळवून तपासणारं हे सॉफ्टवेअर सन या कंपनीत जन्मलं. सन ही कंपनी ओरॅकल या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने घेतली आणि ‘हडसन’ हे नावही आमचंच, असं ओरॅकल म्हणू लागली. जानेवारी 2011 मध्ये वापरणाऱ्यांनी मतदान घेतलं, 214 विरुद्ध 14, आणि प्रकल्प ‘जेंकिन्स’ झाला. हडसन काही वर्षं वेगळा चालला आणि बंद पडला. जेंकिन्स आजही हजारो ठिकाणी चालतोय.

नाव फाउंडेशनकडे असलं की प्रश्न मिटला, असं मीही बरीच वर्षं मानायचो. वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरने ते खोटं ठरवलं. 2010 मध्ये ट्रेडमार्क फाउंडेशनला दिला खरा, पण व्यापारी वापराचा हक्क ऑटोमॅटिक या कंपनीकडेच राहिला. 2024 मध्ये तिचं डब्ल्यूपी इंजिन या वर्डप्रेस साइट चालवून देणाऱ्या कंपनीशी जुंपलं, तेव्हा वर्डप्रेसच्या साइटवरच्या लॉगिनच्या पानावर ‘माझा त्या कंपनीशी संबंध नाही’ अशी चौकट आली. तिच्यावर खूण केल्याशिवाय आत जाता येईना. डिसेंबरात कोर्टाने ती काढायला लावली. मग त्या जागी ‘पिझ्झावर अननस छान लागतो’ हे मान्य करायची चौकट आली! तेव्हा फाउंडेशनच्या कागदात व्यापारी वापराचा हक्क कुणाला दिलाय, तेवढं वाचून घ्या.

तुम्ही काय करावं? गेल्या चार वर्षांत तुमच्या शंकांना उत्तरं कुणी दिली, ती नावं काढा. त्यातली बहुतेक जिथे असतील, तिथे नवं काम द्या. जुन्या बाजूला एक साधं पत्र लिहा, की आधीचं काम तुमच्याकडे राहू दे, पुढची जबाबदारी मात्र मी घेऊ शकत नाही. ‘गद्दार’ म्हणणाऱ्याला उत्तर देत बसू नका. अशी भांडणं मिटतातही. डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि फायरफॉक्स हा ब्राउझर बनवणारी मोझिला यांचंसुद्धा 2006 मध्ये फायरफॉक्सच्या नावावरून वाजलं होतं. दहा वर्षं डेबियनमध्ये तोच ब्राउझर ‘आइसवीझल’ म्हणून नांदला आणि 2016 मध्ये परत फायरफॉक्स झाला.

आणि नव्या प्रकल्पात भाषांतर नेताना जुनं नाव शोधून नवं टाकायचं काम यंत्रावर सोडू नका. मी एकदा केलंय. ‘मांबोचा’ची ‘जूमलाचा’ झाली, तिथवर ठीक होतं. पण मी मांबो नपुंसकलिंगी धरला होता आणि जूमला पुल्लिंगी, त्यामुळे साइटभर ‘जूमला यशस्वीपणे बसवलं गेलं’ असं सहा महिने दिसत होतं. फाउंड्रीवाल्या काकांनीच फोन करून सांगितलं.