गावच्या दगडावर कोणता शब्द कोरावा?

गुहागरकडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. १९७१च्या युद्धात 'खुकरी' युद्धनौकेवर प्राण गमावलेल्या गावच्या नौसैनिकाच्या नावाचा दगड तिठ्यावर बसवायचा आहे. 'शहीद' लिहायचं की 'हुतात्मा', यावरून वाडीत दोन तट पडलेत. 'वीरगती' हिंदी म्हणून गुरुजींनी त्यावर काट मारली आणि मुंबईकरांनी 'जलसमाधी' सुचवलं. बरोबर काय?

आधी 'जलसमाधी' घेतो, कारण मला तोच शब्द सर्वांत जास्त खटकला. समाधी माणूस आपणहून घेतो. वर्तमानपत्रांनी हा शब्द साध्या बुडण्याला लावला आणि आता ट्रॉलर बुडाला तरी त्याला 'जलसमाधी मिळते'. ९ डिसेंबर १९७१च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने टॉर्पेडो मारून खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्यांना 'जलसमाधी मिळाली' म्हटलं की मारणाराच वाक्यातून गायब होतो, जणू वादळात होडी कलंडली. हा शब्द शोभतो तो कप्तान महेंद्रनाथ मुल्लांना. ते जहाज सोडून निघाले नाहीत, त्याच्याबरोबरच खाली गेले; मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. त्यांनी जलसमाधी 'घेतली'. 'मिळाली' आणि 'घेतली' यांत एवढं अंतर आहे.

'शहीद' अरबी. साक्ष देणं या अर्थाच्या धातूपासून आलेला. साक्षीदाराला म्हणतात तो 'शाहिद' त्याचाच भाऊ. श्रद्धेची साक्ष प्राण देऊन पटवणारा तो शहीद. सैन्यदलांच्या अधिकृत परिभाषेत हा शब्द नाही, हे सरकारने संसदेतही सांगितलं आहे. पण गावचा दगड म्हणजे सरकारी पत्रक नव्हे, आणि 'शहीद जवान' आता मराठीत रुळलेलंच आहे. त्यामुळे परका म्हणून तो खोडायला मी तयार नाही. तसं म्हटलं तर 'जवान' तरी कुठे आपला?

'हुतात्मा' म्हणजे ज्याने स्वतःची आहुती दिली तो. 'हुत' म्हणजे होमात अर्पण केलेलं. हा शब्द रूढ करण्याचं श्रेय सावरकरांना दिलं जातं. भाषाशुद्धीचा त्यांचा पुष्कळसा खटाटोप रत्नागिरीच्या स्थानबद्धतेतला, त्यामुळे आपल्याकडे त्याचा अभिमान जरा जास्त. पण कोकणात त्याला वेगळा वास चिकटला आहे. उरणजवळच्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३०च्या जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, तिथले ते हुतात्मे. मुंबईत हुतात्मा चौक आहे तो संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातला. म्हणजे कानाला चळवळ ऐकू येते, रणांगण नाही. सैनिकाला हुतात्मा म्हणणं चूक नाही, पण दगड वाचणारा परका माणूस आधी बेचाळीस सालात जाईल. आणि लिहिलंतच तर 'हुतात्माचे स्मारक' नको, 'हुतात्म्याचे' हवं. ही चूक संगमरवरात कोरलेली मी पाहिली आहे. तिथे खोडरबर चालत नाही.

गुरुजींचं अर्धं खरं. 'वीरगती' संस्कृत आहे, तिचा दोष नाही. हिंदी आहे ती 'वीरगतीला प्राप्त झाले' ही मोडणी. मराठीत 'वीरमरण आले' म्हणतात. 'धारातीर्थी पडले' हाही भारदस्त प्रयोग: तलवारीची धार हेच तीर्थ. पण 'धारा' म्हणजे पाण्याचा प्रवाहसुद्धा, आणि समुद्रात गेलेल्या माणसाच्या दगडावर तो श्लेष मला सोसवणार नाही.

मला विचाराल तर जुन्या कागदपत्रांतलं 'कामी आले' सर्वांत आवडतं. बखरींत माणसं लढाईत 'कामास येतात'. अलंकार नाही, आकांत नाही. हाती घेतलेल्या कामात माणूस खर्ची पडला, एवढंच. अडचण अशी की आज घरातला जुना मिक्सरही 'कामी येतो'. म्हणून नुसतं न लिहिता 'युद्धात कामी आले' असं लिहा, मग घोळ होत नाही.

नावाआधी 'कै.' नको. ते कैलासवासी, वाडीतल्या दुसऱ्या धर्माच्या नौसैनिकाचं नाव उद्या त्याच दगडावर आलं तर काय कराल? नाव, हुद्दा, 'भा. नौ. पो. खुकरी' (भारतीय नौदल पोत, म्हणजे 'आयएनएस'), तारीख आणि खाली 'युद्धात कामी आले' एवढं पुरे.

तरीही तट मिटले नाहीत तर वर एक जहाज कोरून घ्या. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर नाविक युद्ध कोरलेलं आहे, वल्ह्यांच्या रांगा असलेल्या जहाजांसकट. 'वीरगळ' हा शब्दही कानडीतून आलेला, 'कल्लु' म्हणजे दगड. त्या योद्ध्यांना हुतात्मा म्हणावं की शहीद, हा वाद तिथे कुणी घालत नाही. जहाजं मात्र लांबूनही ओळखू येतात.